गंजलेला बोल्ट घेऊन विद्यापीठात जाता येते का?

प्रश्न: मिरकरवाडा बंदराजवळ माझे छोटे वर्कशॉप आहे. मच्छीमार नौकांच्या शाफ्टची, कपलिंगची आणि डेकवरच्या फिटिंगची कामे आम्ही करतो. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याकडून ‘३१६ स्टेनलेस’ म्हणून बोल्टांचा एक लॉट घेतला आणि दोन नौकांवर बसवला. हंगाम संपण्याआधीच बोल्टांवर तांबूस डाग आणि सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसू लागले. कपलिंगवरचा एक बोल्ट तर माथ्याखाली तुटलाच. व्यापारी म्हणतो, खाऱ्या पाण्यात असे व्हायचेच आणि तुम्ही बोल्ट नीट आवळले नव्हते. नौकामालक माझ्याकडे भरपाई मागतो. कोणीतरी सांगितले की विद्यापीठात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बोल्ट धरला की सगळे बाहेर येते. माझे शिक्षण आयटीआयपर्यंतचे. आमच्यासारख्यांना तिथे उभे करतील का? माझी मुलगी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या नावावर नमुना दिला तर स्वस्तात होते असे कळले. तसे करावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: सप्रेम नमस्कार.

आपल्याला तेथे उभे करतील, आणि उपकार म्हणून नव्हे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सत्तरच्या दशकात देशात ठिकठिकाणी उपकरण-केंद्रे उभारायला सुरुवात केली, ती मुळी याच विचाराने की इतकी महागडी उपकरणे प्रत्येक संस्थेने घेणे परवडणारे नाही. ती काही मोजक्या जागी ठेवावीत आणि बाहेरच्यांनी शुल्क भरून ती वापरावीत. पवईच्या आयआयटीतील आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील ‘सैफ’, म्हणजे अत्याधुनिक विश्लेषण-उपकरणांची केंद्रे, याच योजनेतली आहेत. अशा केंद्रांच्या दरपत्रकात विद्यार्थी, इतर शिक्षणसंस्था, सरकारी प्रयोगशाळा आणि उद्योग असे वेगवेगळे गट असतात, आणि उद्योगाच्या रकान्यात मोठ्या कारखान्याप्रमाणेच आपले वर्कशॉपही बसते. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ या सरकारी संकेतस्थळावर देशभरातील संस्थांची उपकरणे एकत्र नोंदवलेली आहेत. तेथे खाते उघडून उपकरण शोधता येते आणि वेळही मागता येते. आपण किती शिकलात हे या वाटेवर कोणी विचारत नाही. नमुना काय आहे आणि त्यातून नेमके काय पाहायचे आहे, हे मात्र प्रत्येक जण विचारतो, आणि बाहेरून आलेली बहुतेक माणसे अडखळतात ती तेथेच.

‘बोल्ट तपासून द्या’ एवढेच लिहून आलेल्या नमुन्याचे काय होते, ते सांगतो. चालक त्याची वेगवेगळ्या वर्धनाची चार-सहा सुंदर छायाचित्रे काढतो, मूलद्रव्यांचा एक तक्ता जोडतो आणि अहवाल पाठवून देतो. छायाचित्रांत खड्डे दिसतात, जे आपल्याला आधीच दिसत होते. चालकाने त्याचे काम चोख केलेले असते. आपणच त्याला प्रश्न दिलेला नसतो. म्हणून यंत्र कोठे आहे हे शोधण्याआधी आपल्या पत्रातले प्रश्न सुटे करून घेऊ. ते तीन आहेत. माल खरोखर ३१६ आहे का? खड्डे कशामुळे पडले? आणि तुटलेला बोल्ट कशाने तुटला? या तिन्हींना एकच चाचणी नाही, आणि पहिल्याला तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची गरजच नाही.

मासळी घेताना आधी कल्ले उघडून पाहतात, तसा आधी बोल्टचा माथा पाहावा. प्रमाणित स्टेनलेस बोल्टवर निर्मात्याच्या खुणेबरोबर ‘ए२-७०’ किंवा ‘ए४-७०’ असा शिक्का असतो. ‘ए४’ म्हणजे मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेला, ३१६ च्या कुळातला; ‘ए२’ म्हणजे ३०४ या साध्या ग्रेडच्या कुळातला. शिक्काच नसेल तर बिलावर काय लिहिले आहे, ते वाचावे. लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नये, कारण थंड अवस्थेत ठोकून आणि आटे पाडून तयार केलेला अस्सल बोल्टसुद्धा थोडाफार चुंबकाला धरतो, आणि उलट मँगनीज भरपूर व निकेल कमी असलेला स्वस्त २०० मालिकेतला माल पुष्कळदा चुंबकाला दाद देत नाही. ३१६ आणि ३०४ या दोन ग्रेडमधला खरा फरक मॉलिब्डेनमचा आहे. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असते, ३०४ मध्ये मुद्दाम घातलेले नसते, आणि समुद्राच्या मिठातल्या क्लोराइडपुढे ३१६ जे अधिक टिकते ते प्रामुख्याने त्या दोन-तीन टक्क्यांच्या बळावर.

हे प्रमाण मोजण्याचा सरळ आणि स्वस्त मार्ग म्हणजे ‘स्पेक्ट्रो’, म्हणजे ठिणगीच्या प्रकाशावरून धातूतले घटक मोजणारे यंत्र. कोल्हापूर हे फाउंड्रीचे शहर असल्यामुळे धातू तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळांची तेथे वाण नाही. आंबा घाट चढून एका दिवसात जाऊन-येऊन होण्यासारखे हे काम आहे. बोल्टच्या माथ्याचा सपाट भाग घासून त्यावर ठिणगी पाडतात आणि कार्बनपासून मॉलिब्डेनमपर्यंतचे आकडे काही मिनिटांत हाती येतात. फार बारीक बोल्टवर ठिणगीला पुरेशी जागा मिळत नाही, म्हणून लॉटमधला सर्वांत जाड बोल्ट न्यावा. धातू ओळखायची, हातात धरायची ‘पीएमआय गन’ही मॉलिब्डेनम दाखवते, पण क्ष-किरणांवर चालणाऱ्या नेहमीच्या गनला कार्बन मोजता येत नाही. आपल्या बिलावर ‘३१६एल’ लिहिलेले असेल तर कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर नसावा लागतो, आणि ते अशा गनने ठरत नाही. प्रयोगशाळा निवडताना तिला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि ती मान्यता याच चाचणीसाठी आहे का, हे दोन्ही विचारावे. पुढे वाद वाढला तर त्या कागदाला वजन येते.

हाच आकडा विद्यापीठात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या ईडीएसवर, म्हणजे प्रयोगशाळेतली माणसे ज्याला ‘ईडॅक्स’ म्हणतात त्यावर, काढायला गेलात तर एक चकवा वाट पाहत असतो. इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडते आणि आलेखावर उमटणाऱ्या त्यांच्या रेषेवरून ते ओळखले जाते. परंतु मॉलिब्डेनमची मुख्य रेषा आणि गंधकाची रेषा या दोन्ही २.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, जवळजवळ एकमेकींवर येऊन बसतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतेच. त्यामुळे संगणकाने त्या शिखराला गंधकाचे नाव दिले तर अस्सल ३१६ नकली ठरेल, आणि मॉलिब्डेनमचे नाव दिले तर नकली माल अस्सल ठरेल. यावर उपाय आहे: इलेक्ट्रॉनांचा विद्युतदाब २५ ते ३० किलोव्होल्टपर्यंत चढवून मॉलिब्डेनमची १७.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची दुसरी रेषा उमटते का, ते पाहायचे. अनुभवी चालक हे आपणहून करतो. तरीही विनंतीपत्रात तसे लिहावे. त्याखेरीज ईडीएसच्या तक्त्याची बेरीज बहुधा १०० टक्क्यांवर ताणून बसवलेली असते, त्यामुळे पृष्ठभागावरच्या गंजातला ऑक्सिजन आणि बोटांच्या तेलातला कार्बन हिशेबात आला की क्रोमियम, निकेल सगळेच घटलेले दिसतात. असा तक्ता व्यापाऱ्यापुढे टाकलात आणि त्याच्याकडे जाणता माणूस निघाला, तर आपलीच पंचाईत होईल.

आता खड्ड्यांकडे वळू, आणि येथे मी आपल्याला थोडे अप्रिय सांगणार आहे. स्पेक्ट्रोत मॉलिब्डेनम पुरेसे निघाले, तरीही हे खड्डे पडू शकतात. स्टेनलेसचे रक्षण क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर करतो आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. वॉशरखाली, नटाच्या आट्यांत, बार्नॅकल (कवचाचे समुद्री जीव) चिकटलेल्या जागी पाणी साचून राहते, ऑक्सिजन संपतो, क्लोराइड एकवटते, आणि तेथे अस्सल ३१६ सुद्धा कुरतडले जाते. पाण्याखाली कायम बुडालेल्या फटींत ३१६ वर भरवसा टाकू नये, हे धातुशास्त्रात जुनेच ज्ञान आहे. तेव्हा व्यापाऱ्याचे म्हणणे सर्वस्वी थापेबाजी समजू नका. खड्डे फक्त फटींत आहेत की उघड्या, वाऱ्यावरच्या माथ्यावरही आहेत, हे त्याच्या म्हणण्याची कसोटी ठरेल.

दुसरी शक्यता आपल्याच वर्कशॉपमधली आहे. साध्या लोखंडावर चाललेल्या ग्राइंडरच्या ठिणग्या शेजारी ठेवलेल्या स्टेनलेसवर पडल्या, किंवा लोखंडी तारांचा ब्रश स्टेनलेसवर फिरवला, तर लोखंडाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात, खाऱ्या हवेत गंजतात आणि तांबूस डाग पाडतात. हे ओळखायला मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारखे साधन नाही. डागाच्या मध्यावर ईडीएसचा बिंदू ठेवला आणि तेथे लोह व ऑक्सिजन भरपूर पण क्रोमियम-निकेल नगण्य निघाले, तर तो कण बाहेरून आलेला असण्याचा दाट संशय घ्यावा. असा निष्कर्ष निघाला तर तो आपल्या विरुद्ध जाईल. तो ऐकण्याची तयारी असेल तरच या चाचणीवर पैसे खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुटलेला बोल्ट हा आपल्याकडचा सर्वांत मोलाचा पुरावा. माथ्याखालच्या वळणावर ताण एकवटतो, म्हणून बोल्ट तेथे तुटणे नवलाचे नाही. कसा तुटला ते भंगपृष्ठावर, म्हणजे तुटलेल्या तोंडावर, लिहिलेले असते. एका झटक्यात अति ताणाने तुटला असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली वाटीसारख्या खळग्यांची दाटी दिसते. थोड्या थोड्या हेलकाव्याने, थकव्याने तुटला असेल तर ओहोटीच्या वेळी वाळूवर राहतात तशा वक्ररेषा पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनाही दिसतात आणि मोठ्या वर्धनाखाली त्यांच्या आत बारीक समांतर रेघा सापडतात. क्लोराइड आणि ताण यांनी मिळून पाडलेली चीर झाडाच्या फांद्यांसारखी फुटत जाते; ती पाहण्यासाठी उभा छेद घेऊन, साच्यात बसवून, पॉलिश करावा लागतो, आणि ती बहुधा इंजिनाजवळच्या गरम जागी आढळते. यांपैकी थकव्याची खूण निघाली तर व्यापाऱ्याच्या ‘नीट आवळले नव्हते’ या म्हणण्यालाही काही आधार मिळतो, कारण सैल बसलेल्या बोल्टवर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याचा हेलकावा येतो. अर्थात शाफ्टची रेषा चुकलेली असेल, किंवा थकव्याची सुरुवातच एखाद्या खड्ड्यातून झालेली असेल, तर दोष पुन्हा दुसरीकडे जातो. म्हणून चीर जेथून सुरू झाली त्या जागेचे छायाचित्र नावानिशी मागावे. ते नसेल तर बाकीची छायाचित्रे शोभेची.

हा बोल्ट हाताळण्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण नुकसान होते ते बहुधा येथेच, प्रयोगशाळेत पोहोचण्याआधी. तुटलेले दोन तुकडे ‘जुळतात का’ म्हणून एकमेकांवर ठेवून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो, तो आवरा. तसे केल्याने जे कंगोरे पाहायचे असतात तेच चेपले जातात. भंगपृष्ठाला बोट लावू नका, ब्रश लावू नका, गंज काढायचे रसायन तर मुळीच लावू नका, आणि तेलही चोपडू नका, कारण सूक्ष्मदर्शकाच्या आत निर्वात असते आणि तेथे तेल व ओल या दोहोंचे वावडे असते. कापूस नको, त्याचे धागे अडकतात. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून तुकडा असा बसवावा की भंगपृष्ठ कशालाही टेकणार नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्या पुड्या लवकर ओलावतात, त्या अधूनमधून बदलाव्यात. नमुना धुवायचा की नाही, हे प्रयोगशाळेला ठरवू द्या. गोड्या पाण्याने धुतलात तर साचलेले क्लोराइड वाहून जाईल आणि एक साक्षीदार कमी होईल. ग्राइंडरने कापून लहान करू नका, उष्णतेने धातूची आतली रचना बदलते. केंद्रात कापण्याची सोय आहे का, आणि नमुना किती मोठा चालतो, ते आधी विचारा. बोल्ट पोलादी, म्हणजे विद्युतवाहक असल्यामुळे त्यावर सोन्याचा मुलामा देण्याची गरज सहसा पडत नाही, आणि दिला तर तक्त्यात सोनेच चमकते; जाड गंजाचा थर असेल आणि मुलामा लागलाच तर तो कार्बनचा मागावा.

तुटलेल्या बोल्टबरोबर त्याच लॉटमधला एक न वापरलेला, पुडीतला कोरा बोल्ट आणि एक गंजलेला पण न तुटलेला बोल्ट द्यावा. शक्य असेल तर त्याच नौकेवर त्याच हंगामात टिकलेला, दुसऱ्या दुकानातला एक बोल्टही जोडावा. तुलनेला काही नसेल तर आकडे मुके राहतात. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून नौकेवरची जागा, पाण्याखाली की वर, आणि बसवल्याची तारीख लिहावी. काढण्याआधी मोबाइलवर फूटपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे. जून-जुलैच्या बंदीत नौका वर ओढलेल्या असतात, तेव्हा हे काम निवांत होते.

कोणी टीईएम (नमुन्याच्या आरपार पाहणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) किंवा एक्सआरडीही (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारी चाचणी) करून घ्या म्हणेल. टीईएमला शंभर नॅनोमीटरहून पातळ नमुना लागतो आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. एक्सआरडीने गंजाचा प्रकार कळेल, भरपाईचा निकाल लागणार नाही. दोन्ही सोडून द्या.

जाण्याच्या जागांविषयी: रत्नागिरीकरांना कोल्हापूर सोयीचे, कारण स्पेक्ट्रो आणि विद्यापीठ ही दोन्ही कामे एका फेरीत होतात. रायगडकडच्या वाचकांना पवई जवळ. वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्यांनी गोव्याचा विचार करावा. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठ त्यांना घाटापेक्षा जवळ पडतात. उपकरण सध्या चालू आहे का, हे निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारणे फार महत्त्वाचे, कारण ही यंत्रे नाजूक असतात आणि एखाद्या सुट्या भागासाठी दिवसेंदिवस बंद राहू शकतात. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस प्रबंधांची गर्दी असते, तेव्हा उद्योगाच्या नमुन्याला थांबावे लागते. दर तोंडी न विचारता लेखी कोटेशन मागवावे आणि त्यात जीएसटी, नमुना कापणे-पॉलिश करणे आणि ईडीएस धरले आहे की नाही, ते पाहावे. नुसत्या छायाचित्रांचा दर वाचून लोक निघतात आणि बिल पाहून दचकतात.

ई-मेल लेटरहेडवर, चार वाक्यांचा असावा. साधारण असा: “मच्छीमार नौकेच्या कपलिंगवरील ३१६ म्हणून घेतलेला बोल्ट वापरात तुटला आहे. भंगपृष्ठावर चिरेचा उगम कोठे आहे आणि तुटण्याचा प्रकार कोणता, हे एसईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) पाहायचे आहे. न तुटलेल्या बोल्टवरील डागांत बाहेरून आलेले लोहाचे कण आहेत का, हे ईडीएसवर पाहायचे आहे, मॉलिब्डेनमसाठी १७.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा तपासावी. नमुने कोरडे असून त्यांना तेल लावलेले नाही; तपासणीच्या वेळी उपस्थित राहण्याची परवानगी मिळावी.” शेवटची विनंती सोडू नका. चालकाशेजारी बसून ‘हा कोपरा दाखवा’ म्हणता आले, तर त्याच शुल्कात दुप्पट कामाचा अहवाल मिळतो. अहवालाबरोबर मूळ छायाचित्रे मोजपट्टीसह आणि ईडीएसचे आलेखही मागून घ्या, नुसते तक्ते नकोत.

आता मुलीच्या नावावर नमुना देण्याविषयी. देऊ नका. विद्यार्थ्यांचा दर कमी असतो कारण त्यातला वाटा सार्वजनिक पैशातून भरलेला असतो, आणि अर्जावर मार्गदर्शक प्राध्यापकांना हे काम अभ्यासाचे आहे अशी सही करावी लागते. व्यापाराच्या वादातला बोल्ट त्या सहीखाली सरकवला तर खोटेपणाचा डाग मुलीवर आणि तिच्या प्राध्यापकांवर बसेल, आणि तो अहवाल आपण कोठे दाखवलात तर समोरचा पहिला प्रश्न हाच विचारील की हा नमुना आला कोणाच्या नावाने. एक प्रामाणिक वाट मात्र आहे. निरनिराळ्या नौकांवरचे, निरनिराळ्या दुकानांतले बोल्ट घेऊन कोकणच्या पाण्यात ते कसे गंजतात, याचा अभ्यास तिच्या प्राध्यापकांना खरोखरच प्रकल्प म्हणून घ्यावासा वाटला, तर तो उत्तम विषय आहे. त्या वेळी आपण नमुने पुरवणारे. निष्कर्ष त्यांचे, ते प्रसिद्धही होतील, आणि आपल्या भांडणासाठी वेगळा अहवाल आपल्या नावाने, उद्योगाच्या दरानेच घ्यावा लागेल.

अनेक विद्यापीठ-केंद्रे आपले अहवाल न्यायालयीन कामासाठी नाहीत, अशी अट घालतात. ती अर्जावर वाचावी. प्रकरण ग्राहक आयोगाकडे नेण्याचा विचार असेल तर वकिलाला आधी हे विचारा, की धंद्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसतो का. उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यात सवलत आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग स्वतः नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून लॉटमधले काही कोरे बोल्ट बिलासह न फोडता बाजूला ठेवावेत. पण तेथवर जाण्याआधी स्पेक्ट्रोचा एक कागद व्यापाऱ्यापुढे ठेवून पाहा. त्यात मॉलिब्डेनम नाही असे निघाले, तर बाकी सगळ्या चाचण्यांची गरज न पडताच बोलणे मिटण्याचा संभव आहे.

एक काम मात्र कोणत्याही अहवालासाठी थांबवू नका. त्याच लॉटचे बोल्ट अजून त्या दोन नौकांवर आहेत, असे आपल्या पत्रावरून दिसते. कपलिंगवरचे आणि पाण्याखालचे बोल्ट नौका पुन्हा समुद्रात जाण्यापूर्वी बदला, दोन्ही मालकांना तसे लेखी कळवा, आणि काढलेले बोल्ट चिठ्ठ्यांसह तशाच वेगळ्या कोरड्या डब्यात ठेवा.